सेथ कुठे पडला

इंग्लंडमधल्या बार्न्सलीच्या क्लबात दर शनिवारी टेबलावर शिशाच्या शिपायांनी पहिल्या महायुद्धातली सॉमची लढाई खेळत. मेलेला शिपाई उचलायचा नाही, आडवा ठेवायचा, हा तिथला रिवाज. विल्फनं एक शिपाई आजोबांच्या भावासारखा, सेथसारखा रंगवला होता. खरा सेथ सॉमच्या लढाईत नेमका कुठे पडला, हे घरात कुणालाच कधी कळलं नव्हतं.

सगळे चहा घेऊन परतले, तर सेथ काटेरी तारांपलीकडे, टेबलावरच्या ओढ्याकाठी आडवा.

"बेरिल, माझ्या म्हाताऱ्याला मारलंस होय गं?" विल्फनं जर्मन बाजूनं खेळणाऱ्या बेरिलला हसत विचारलं.

"मी? माझ्या तोफा अजून झोपल्यात, बाबा!"

विल्फनं त्याला परत खंदकात उभा केला. बिस्किटासाठी वळला, तेवढ्यात सेथ पुन्हा ओढ्याकाठी.

आता कुणी हसलं नाही. विल्फ वाकला. "आजोबा, इथंच का?"

सेथ हलला नाही. खंदकातले त्याचे सगळे सोबती मात्र शत्रूकडे पाठ करून विल्फकडे बघत होते.