गुळाचं पाणी

रंगुबाई रोज सकाळी परसातल्या जास्वंदीला गुळाच्या पाण्याची करवंटी टांगायची आणि निळ्या-जांभळ्या फुलचुख्या पार तिच्या हातापाशी यायच्या. ती गेली, करवंटी कोरडी पडली, पाखरंही फिरकेनाशी झाली. मग हौशीरामनं ती पुन्हा भरायला घेतली, तेव्हा कुठं एक जोडी परतली. बायकोच घरी आल्यागत त्याला वाटलं.

आज ती जोडी करवंटीखाली मरून पडली होती.

त्यानं सुनेला हाक मारली. "ललिता, पाण्यात घालायला गूळ कुठला दिलास?"

"आपलाच की, आबा. मडक्यात मुंग्या व्हायच्या, म्हणून काल डब्यात भरला. ह्यांनी शिरूरच्या कांद्याच्या मळ्यातनं आणलाय न्हाई का, फवारायच्या औषधाचा डबा. चांगला धुऊन घेतलाय." ती हसली. "एक मुंगी जवळ येत न्हाई आता."

हातातलं पाखरू हौशीरामनं खाली ठेवलं. "पोरं कुठं हायती?"



"रेशनची साखर संपली, म्हणून गुळाचा चहा दिला त्यांना. तो पिऊन परत झोपलीत, मघापासनं हाका मारतीय, उठंनात."