अण्णांची मालगाडी

वनमालाच्या अण्णांनी मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरात पुठ्ठ्याची आणि पत्र्याची छोटी मालगाडी उभी केली होती, अगदी खऱ्या डब्यांबरहुकूम. वनमालाला बघायला घाटकोपरहून राणे मंडळी आली, तर मुलाच्या वडिलांनाही नेमका हाच नाद निघाला! मुलगी राहिली बाजूला आणि दोघे मालगाडीपुढे मांडी ठोकून बसले. पोहे गार झाले.

"सावंत, डब्याचा रंग चुकला तुमचा," राणे म्हणाले. "खरा मालडबा एवढा काळपट नसतो."

"अहो, कुर्ला यार्डात उभा राहून रंग जुळवलाय मी!" अण्णांचा आवाज चढला.

राणे हसले आणि "कळवतो" म्हणून निघून गेले.

त्यानंतर अण्णांना जेवण गोड लागेना. "काय म्हणत असतील गं ते?" असं येताजाता वनमालालाच विचारायचे. आपल्यासाठी अण्णांचा जीव एवढा तुटतोय, हे बघून तिला भरून यायचं. त्या मालगाडीचा राग राग करणारी ती, आताशा तिच्यावरची धूळसुद्धा पुसू लागली.

रविवारी मध्यस्थ शांताबाई आल्या. दारातूनच पडलेल्या आवाजात म्हणाल्या, "नाही म्हणाले हो. रंग पसंत नाही."

अण्णा मटकन खाली बसले. "डब्याचा?"

"डब्याचा कसला? मुलीचा!"



अण्णांचा जीव भांड्यात पडला.