यादीतलं एक नाव

भोंगा वाजला आणि अकराव्या मजल्यावरच्या टिपणीसकाकू दुखरे गुडघे सांभाळत जिना उतरू लागल्या. आगीच्या सरावात लिफ्टला हात लावायचा नाही, हा नियम. म्हाताऱ्यांना मात्र घरी थांबायची मुभा होती. तरी काकू दरवर्षी उतरत.

खाली सेक्रेटरी दांडेकर रहिवाशांची यादी वाचत होते. "सौमित्र टिपणीस!" काकूंनी डोळे मिटून घेतले. कुणीच 'हजर' म्हणालं नाही. माणूस वरच अडकला असं समजून अग्निशमन दलाचा जवान जिन्याकडे धावलासुद्धा.

दांडेकर वैतागले. "काकू, मुलगा कॅनडाला जाऊन नऊ वर्षं झाली. नाव काढा म्हणून किती सांगायचं? उद्या खरी आग लागली, तर हा जवान त्याला शोधायला धुरात शिरेल!"

काकूंनी जिन्याकडे पाहिलं. मग त्यांनी पेन मागून घेतलं.

"खोडते. पण त्याआधी एकदा मोठ्यानं हाक मारा. त्याचं नाव घेणारं इथं दुसरं कुणी नाही हो."

दांडेकरांनी घसा खाकरला. "सौमित्र!"

चौथ्या मजल्याच्या खिडकीतून जवान धापा टाकत ओरडला, "शोधतोय अजून!"

काकूंनी नाव खोडलं. "त्याला म्हणावं, ये आता खाली."