सारवलेली जमीन

त्र्याण्णवच्या उन्हाळी सुट्टीत सिन्नरजवळच्या उत्खननावर हौसेने मदतीला आलेल्या कुंदाबाई अवकाळी पावसात ताडपत्रीचं टोक धरून उभ्या होत्या. खाली उत्खननप्रमुख सरांनी एका प्राचीन घराच्या जमिनीतून तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी मोकळी केली. आत तान्ह्या बाळाची हाडं होती.

“तीन हजार वर्षांपूर्वी तान्हं मूल गेलं की घरातच पुरायचे, बाई,” सर म्हणाले.

“म्हणजे आईला जागा माहीत असायची?”

“असणारच की. रोज तीच जमीन सारवायची ना ती! का हो?”

“काही नाही. हात बधिर झालेत.”



बावीस वर्षांपूर्वी कुंदाबाईंचं बाळ पुरुषमंडळींनी फडक्यात गुंडाळून नेलं होतं, आणि कुठे पुरलं ते आईला सांगायची पद्धत नव्हती.