न रडणारी रेणू

"रडू द्या की वो ताई. रडायचंच इसरली, तर दुखलंखुपलं सांगंल कशी?" बाळाला न्हाऊ घालणाऱ्या कौसाबाई म्हणाल्या होत्या. ऋजुता नुसती हसली होती. मनगटावरचा ताण मोजणारा पट्टा लाल झाला की श्वास लांबवून तो हिरवा करायचा, एवढ्यानं तिची अर्धशिशी गेली होती. आता तान्ह्यांसाठीही पट्टे निघाले होते. तिची आठ महिन्यांची रेणू रडण्याऐवजी श्वास लांबवून पट्टा हिरवा करायला आठवड्यात शिकली.

आज पोळ्या लाटताना ऋजुता सारखी मोबाइलवर रेणूचा पट्टा बघत होती. हिरवाच होता.

ती खोलीत आली, तेव्हा तिचा चहाचा कप सतरंजीवर कलंडलेला होता. रेणूच्या मांडीवर फोड आले होते आणि ती पट्ट्याकडे बघत संथ श्वास घेत होती. सांडलेला चहा केव्हाच निवला होता.

तुमचं बाळ पलीकडच्या खोलीत बराच वेळ शांत असेल, तर आधी उठून बघून या.