मास्तरांचा वर्ग

निवृत्त झाल्यावर मास्तर छावणीतल्या निर्वासित बायकांना लिहायला-वाचायला शिकवू लागले. अक्षरओळख झाली की जवळच्या औषधांच्या कारखान्यात त्यांना काम मिळायचं. त्यामुळे संध्याकाळ झाली की मास्तर वर्गात आणि त्यांची बायको घरात एकटी.

घरी आले तरी मास्तरांच्या तोंडी त्याच बायका. "अगं, त्या शिंपीणबाईला परवापर्यंत खडू धरता येत नव्हता. आज फळ्यावरचा अख्खा धडा वाचला तिने! काय हुशार बाई आहे!"

बायकोच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "माझ्यासाठी कधी एवढा वेळ काढलात?" असं म्हणत ती भांडी आदळायची.

"या वयात जळतेस की काय?" म्हणून मास्तर हसायचे.

एके दिवशी त्यांच्या खिशात नवंकोरं पेन दिसलं. शिंपीणबाईला नोकरी लागली होती, तिच्यासाठी घेतलेलं. मास्तर बाहेर पडले तशी बायकोने पदर खोचला आणि आज सोक्षमोक्षच लावायचा म्हणून तरातरा मागोमाग निघाली.

ती वर्गाच्या दारात उभी राहिली आणि फळ्यावर लिहिणारा मास्तरांचा हात थबकला. सगळ्या बायका वळून बघू लागल्या. शिंपीणबाईने सरकून बाकावर जागा केली.

"या ना, बसा इथे. तुम्ही कुठून आलात?"



"मास्तरांच्या घरून," ती बसत म्हणाली. "मलाही वाचता येत नाही."