बाबांचं म्हणणं

लॅपटॉपच्या पडद्यावर उत्तर आलं : कम्पायलर सापडला नाही.

"झालं?" थोरल्याने विचारलं. त्याच्या मांडीवर शुश्रूषा केंद्राचा फॉर्म होता. त्याने सही केली की पाच वाजता गाडी येऊन बाबांना कायमचं तिकडे घेऊन जाणार होती.

"नाही झालं. होईल," धाकटी म्हणाली.

थोरला आणि धाकटी ही बाबांनीच पाडलेली नावं. बाबा तीस वर्षं बस कंडक्टर होते, बोलण्यात कुणाला हार जायचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. डोकं शाबूत आहे, सगळं कळतं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण मान सतत लटपटायची, त्यातून हो की नाही ते उमजत नसे. डावा हात तेवढा उचलून आपटता यायचा, आणि तोही एकदा पडला की थरथरत तीनचारदा पडायचा.

धाकटीने नकाशे काढायच्या नोकरीवर पाणी सोडलं आणि त्यांचं सगळं अंगावर घेतलं. ऑफिसातले साहेब अजून फोन करायचे, परत ये म्हणायचे. परवा त्यांचा आवाज ऐकून बाबांचे डोळे भरून आले, तेव्हापासून तिने फोन उचलणंच बंद केलं. तिच्या हातून जेवताना बाबा तोंड फिरवायचे. हट्टात बाप लेकीवर गेलाय, असं ती हसत म्हणायची.

सकाळी थोरल्याने फॉर्म वाचून दाखवला तेव्हा बाबा शांत पडून होते. बाबा कुठेही जाणार नाहीत, असं धाकटीने ठणकावून सांगितलं, तशी त्यांनी पलंगाच्या दांडीवर हात आपटला.

"बघ," ती म्हणाली.

"तू त्यांच्या हाताचा तुला हवा तो अर्थ लावतेस. ते स्वतः नको म्हणाले तर मी हा फॉर्म फाडतो."

मग ती हट्टालाच पेटली. तिने एक प्रोग्रॅम शोधून ठेवला होता. पडद्यावर एकेक अक्षर उजळत जातं, हवं ते आलं की लॅपटॉपला जोडलेलं मोठं बटण दाबायचं. लागोपाठ पडलेल्या थापा तो एकच धरतो. कुणा भल्या माणसाने तो फुकट दिला होता, पण नुसता सोर्स कोड. त्याचा चालता प्रोग्रॅम करायला कम्पायलर हवा, आणि तिच्या जुन्या लिनक्स लॅपटॉपवर तोच नव्हता.

तिने तो इंटरनेटवरून मागवला. सिस्टीम इतकी जुनी की तिच्याकडे असलेला सर्व्हरचा पत्ताच बंद पडलेला. अक्षरं जुळवायचं तयार यंत्र पुढच्या महिन्यात विकत आणू, आता सोड, असं थोरला समजुतीने म्हणाला. तिने मानही वर केली नाही. जुन्या आवृत्त्या जिथे ठेवतात तो पत्ता तिने हुडकून काढला, यादीत घातला, यादी ताजी केली आणि कम्पायलरसकट सगळी हत्यारं एका दमात मागवली. ती आली. प्रोग्रॅम बांधायला घेतला तर चित्रं दाखवणारी एक फाइल नाही म्हणून तक्रार. ती आणली, तर आवाजाची नाही म्हणून तक्रार. तीही आणली.

"तुझ्यापुढे हात टेकले," थोरला घड्याळ बघत म्हणाला.

"टेक. पण सही करू नकोस."

सव्वाचारला एकही तक्रार न येता काम तडीस गेलं. धाकटीला रडू आलं, ते तिने लपवलं नाही. बाबांच्या डाव्या हाताखाली तिने बटण ठेवलं आणि कसं दाबायचं ते दोनदा समजावलं.

"बाबा, दोन वर्षं मीच तुमच्या वतीने बोलतेय. आता तुम्ही सांगा. दादाला कळू दे."

एकेका अक्षराला मिनिट मिनिट लागत होतं. बाबा घामाने निथळले. तिने कपाळ पुसलं, तेव्हा या खेपेला त्यांनी तोंड फिरवलं नाही. पहिला शब्द पुरा झाला : थोरल्या.

"तुलाच म्हणताहेत," ती विजयाने म्हणाली. थोरल्याने फॉर्म फाडायला दोन्ही हातांत धरला.

बाबांचा हात पडत राहिला. पाचला दहा कमी असताना तो थांबला, आणि दोघांनी पडद्यावरची ओळ वाचली :

थोरल्या, सही कर. धाकटी माझं ऐकणार नाही.